पाऊस खातं

नाटकात काम करायची हौस मला कधीच नव्हती. इंग्लंडात येऊन आठ महिने झाले होते आणि शेजाऱ्यांशी माझं बोलणं "आज जरा गार आहे, नाही?" याच्या पुढे सरकत नव्हतं. तेवढ्यात एका हौशी मंडळाला स्वयंसेवक हवे असल्याचं कळलं. बागेत, उघड्यावर, जूनमध्ये दहा प्रयोग. गेलो. दिग्दर्शिकाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही भारतातले ना? म्हणजे मॉन्सून! मग पाऊस तुमच्याकडे."

झालं. पावसाळ्यात छत्र्या हरवण्यापलीकडे ज्याचं कर्तृत्व नाही, त्याच्याकडे पाऊस खातं आलं.

पहिली कामगिरी माइकची. वायरलेस माइकची डबी नटाच्या कमरेला कपड्यांच्या आतून बांधतात. तिच्यात घाम किंवा पाणी शिरलं की आवाज गेलाच. त्यावर नाटकवाल्यांचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे डबी कंडोममध्ये घालायची. बाईंनी हे "येताना दोऱ्याचं रीळ आणा" इतक्या सहजपणे सांगितलं. "सहा नट, दहा प्रयोग, साठ झाले. आणि वंगण नसलेले बघा हं, नाहीतर डबी बुळबुळते."

ही वस्तू आजवर मी टूथपेस्ट आणि दाढीचं सामान यांच्या मधे लपवून घेतलेली. आता साठ मागायचे, तेही प्रकार सांगून! काउंटरवरच्या मुलीने मोजता मोजता एकदा वर पाहिलं. "नाटकासाठी हवेत," मी म्हणालो. रस्ताभर घोकताना हे वाक्य फार निरागस वाटलं होतं. "माझ्या एका मित्राला त्रास होतोय" असं सांगणाऱ्या पेशंटकडे बघून डॉक्टर डोलावतात, तशी तिने मान डोलावली. मी पावती मागून घेतली, कारण खजिनदार पावतीशिवाय पैसे देत नाहीत. ती पावती घरी बायकोच्या हाती लागली.

"अहो, हे काय?"

"पावसासाठी," मी म्हणालो.

पुढे बराच वेळ घरात शांतता होती.

पहिले तीन प्रयोग ठणठणीत कोरडे गेले. तिथे अडचण सूर्याची. नाटक साडेसातला सुरू होतं आणि जूनमध्ये इथे सूर्य मावळतो सव्वानऊच्या पुढे. पहिल्या अंकातल्या मध्यरात्री नायक कंदील घेऊन चाचपडत येई, "किती हा काळोख!" म्हणे, आणि समोर प्रेक्षक काळे गॉगल लावून बसलेले.

चौथ्या दिवशी मात्र माझं खातं जागं झालं. दुसरा अंक सुरू होताच धो धो. मला वाटलं, आता पळापळ होणार. एक माणूस हलेल तर शपथ! मागच्यांना दिसत नाही म्हणून छत्र्यांना बंदी; तरी दीडशे जण रेनकोटांच्या टोप्या ओढून, थर्मास मांडीवर घेऊन ढिम्म बसलेले. पळायची इच्छा फक्त विंगेतल्या नटांना होती. मी बाईंना म्हटलं, थांबवूया. त्या म्हणाल्या, "1613 साली ग्लोब थिएटरात नाटकातल्या तोफेने छप्पर पेटलं, अख्खं थिएटर जळलं. एकाच्या विजारीने पेट घेतला, तो बिअर ओतून विझवला. पाण्याचं काय घेऊन बसलात?"

यावर मी काय बोलणार? उत्तर नायकाने दिलं. प्रेमाची कबुली देण्यासाठी त्याने गुडघा टेकला आणि ओल्या प्लायवुडवरून तो तसाच, हात पसरलेल्या अवस्थेत, नायिकेच्या पुढून घसरत कुंपणात गेला. वाक्य त्याने कुंपणातून पूर्ण केलं. डबी उत्तम चालू होती. प्रत्येक शब्द ऐकू आला, नंतरचे दोन शिव्यांचेसुद्धा.

आता मात्र प्रयोग थांबला. मी वायपर आणि चार टॉवेल घेऊन रंगमंचावर गेलो. पाऊस ओसरला होता आणि अंधार पडल्यामुळे दिवे पहिल्यांदाच नीट दिसत होते. ते सगळे माझ्यावर! मी एका टोकापासून पाणी ओढायला लागलो. पहिली लाट कडेवरून खाली पडली तशी कोणीतरी टाळी वाजवली. दुसरीला चारपाच. शेवटचा कोपरा पुसून वळलो, तर दीडशे रेनकोट टाळ्या पिटत होते. मी वायपर छातीशी धरून वाकलो. राहवलं नाही.

प्रयोगानंतर बाई वही घेऊन सगळ्यांच्या चुका सांगत फिरत होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"उद्या जरा सावकाश पुसा," त्या म्हणाल्या, "आणि प्रेक्षकांकडे पाठ करू नका."