लिमिटर वाचवेल म्हणे!

परवा रात्री भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, वाच. उगाच घाबरवत होतास." हा पठ्ठ्या पुढच्या महिन्यात स्वतःची मॅन्युअल गाडी घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला, जाणार आहे. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: हल्लीच्या गाड्यांना रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारी यंत्रणा, असतो, त्यामुळे चुकून फार खालचा गिअर पडला तरी इंजिन फेऱ्यांच्या डायलवरच्या धोक्याच्या लाल पट्ट्यापलीकडे जाऊच शकत नाही. सिंक्रोमेश, म्हणजे गिअरबॉक्समधली वेग जुळवणारी यंत्रणा, चुकीचा गिअर घेत नाही. घेतलाच तर क्लच घसरून इंजिन वाचवतो. गाडी बंद पडली नाही, दिवा लागला नाही, म्हणजे काही झालं नाही. आणि झालंच तर इन्शुरन्स आहे. शेवटी "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा". पोचलंय बाबा, माझ्याकडे तीन ग्रुपमधून पोचलंय.

लिमिटरपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. लिमिटर काय करतो? इंधन तोडतो, नाहीतर ठिणगी तोडतो. म्हणजे इंजिन स्वतःच्या जोरावर जेवढं पळेल तेवढ्यालाच त्याचा लगाम. चुकीचा गिअर पडतो तेव्हा इंजिन चाकं फिरवत नसतं, चाकं इंजिनाला फिरवत असतात. हजार-बाराशे किलोची गाडी मागून रेटतेय, तिथे इंधन तोडलं काय नि नाही तोडलं काय. पटत नसेल तर घाटातला उतार आठवा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजेक्टरने पेट्रोल बंद केलेलं असतं, तरी काटा तीन हजारावर उभा असतो. कोण उभा करतं त्याला?

आता आकडे. पहिल्या पिढीची पाच गिअरची माझदा एमएक्स-५ घ्या, जगभरच्या हौशी ट्रॅकवाल्यांची लाडकी गाडी. गिअरचं प्रमाण, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे: दुसरा १.८८८, चौथा १.०००, पाचवा ०.८१४. ट्रॅकचा सरळ पट्टा संपताना पाचव्यात ५,००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आहेत आणि तुम्ही चौथा टाकता: इंजिन ६,१०० च्या आसपास जातं, काही बिघडत नाही. त्याच क्षणी हात जरा जास्त डावीकडे गेला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर हिशोब होतो ११,६००. लाल पट्टा सात हजाराच्या आसपास.

आणि ताण आरपीएमच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साधारण ८४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि पिस्टन-पिन-रिंग मिळून ४०० ग्रॅम धरा. ७,००० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो तेव्हा त्याला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर सुमारे १,२०० किलोची ओढ बसते. ११,६०० ला तीच सव्वातीन टनांच्या वर जाते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून दाबून धरायला जळत्या वायूचा दाबही नसतो, सगळा भार रॉडच्या बोल्टवर. तिकडे वर हेडमध्ये व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या मागे धावू शकत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. "अर्ध्या सेकंदाने काय होतंय" असंही त्या फॉरवर्डच्या खाली कुणीतरी लिहिलंय. दहा हजार आरपीएमला ०.३ सेकंदात इंजिनाचे पन्नास फेरे होतात. व्हॉल्व्ह वाकायला एक पुरतो.

हे माझं गणित म्हणून सोडून द्यायचं असेल तर द्या. मग पोर्शचं ऐका. त्यांच्या ९११ च्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये कमाल आरपीएम ओलांडल्याची नोंद राहते. ९९७ पिढीत तर सहा टप्पे आहेत: कुठल्या टप्प्यात किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची वेळ इंजिनाच्या कितव्या तासाला. खालच्या टप्प्यांत माणूस लिमिटरला आदळूनही पोचतो. वरच्या टप्प्यांत जायला चुकीचा गिअरच लागतो. जुनी ९११ विकत घेणारे शहाणे लोक आधी हा रिपोर्ट मागतात आणि वरच्या टप्प्यात ताजी नोंद दिसली तर भाव पाडतात किंवा उठून जातात. आता मला सांगा, लिमिटर बसवणाऱ्याच कंपनीला लिमिटरच्या पलीकडचे फेरे मोजायची व्यवस्था का करावी लागली? फॉरवर्ड लिहिणाऱ्याला स्टुटगार्टच्या पोर्शपेक्षा जास्त कळतं असं धरलं तरच त्याचा पहिला मुद्दा उभा राहतो. आणि हे नवीनही नाही. जुन्या रेसिंग गाड्यांच्या टॅकोमीटरवर दुसरा एक काटा असायचा, तो सर्वांत वरच्या आकड्याला जाऊन तिथेच थांबायचा. ड्रायव्हर पिटमध्ये येऊन "मी काही केलं नाही" म्हणाला की मेकॅनिक त्या काट्याकडे बघायचा.

सिंक्रोमेश. इथे थोडं मान्य करतो, नाइलाजाने. वेगाचा फरक फार असला तर सिंक्रो रिंग अडते, लिव्हर जड लागतो, आणि पहिला गिअर बऱ्याचदा खरोखरच आत जात नाही. पण दुसरा जातो, जोर लावला की जातो, आणि ट्रॅकवर ब्रेक दाबलेला असताना हातात जोर असतोच. सिंक्रोचं काम दोन फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणं एवढंच. तुम्हाला कुठला गिअर हवा होता हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला "नको तो गिअर" घेणार नाही अशी हमी हवी असेल तर ती ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लचमध्ये मिळते, तिथे कॉम्प्युटर खालचा गिअर नाकारतो. फॉरवर्ड त्या गाड्यांबद्दल असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. फॉर्म्युला वनने मॅन्युअल लिव्हर सोडला त्यामागच्या फायद्यांपैकी हाही एक. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीत नायजेल मॅन्सेलने स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी फेरारी ६४० चालवून शर्यत जिंकून दाखवली, तेव्हापासून ती वाट सुरू झाली.

क्लच घसरतो हे अर्धसत्य. थोडा घसरतो. ओल्या ट्रॅकवर क्लचऐवजी टायरच घसरतात, इंजिन थोडक्यात वाचतं आणि गाडी गोल फिरून गवतात जाते. याला बचाव म्हणायचं असेल तर म्हणा. पण चांगला क्लच इंजिनाच्या पूर्ण ताकदीपेक्षा जास्त ताकद पेलायलाच बनवलेला असतो, ऐनवेळी तो फ्यूज होत नाही. उलट एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. चुकीचा गिअर पडला आणि पाय क्लचवर तसाच दाबून ठेवला, तर इंजिन वाचतं, पण क्लचची डिस्क गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते, ती चाकांच्या हिशोबाने फिरते. भलत्याच वेगाने फिरली तर तिचं अस्तर सुटून बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या आवरणात, चिंध्या होतात. उतारावर खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून ट्रक सोडला की असंच होतं, जुन्या ट्रकवाल्यांना विचारा.

आता चौथा मुद्दा, ज्यामुळे मी खरा भडकलोय. "गाडी चालू आहे म्हणजे काही झालं नाही." काही वर्षांपूर्वी मीच हे केलंय, म्हणून बोलतो. पाचव्यातून चौथा टाकायला गेलो, दुसरा पडला. आधी पुढच्या चाकांची किंकाळी, मग इंजिनाचा असा आवाज जो त्याआधी कधी ऐकला नव्हता. काटा डायलच्या टोकाला गेला आणि मी क्लच दाबला. सगळं शांत. इंजिन चालू, एकही दिवा नाही. मी खुशाल घरी आलो. नंतर सिग्नलवर उभं राहिलं की गिअर लिव्हरला हलकी थरथर जाणवायची. पेट्रोलला दोष दिला, प्लग बदलले, दोन महिने तसाच फिरलो. शेवटी मिस्त्रीने प्लग काढून एकेका सिलिंडरमध्ये हवा भरली आणि मला मागे सायलेन्सरपाशी कान लावायला बसवलं. तिसऱ्या सिलिंडरला आतून फुस्स असा बारीक, सलग आवाज. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला. हेड उतरवलं. खर्चाचा आकडा लिहीत नाही, बायको हे वाचते.

आणि मी सुटलो म्हणायचं. व्हॉल्व्ह निदान बोलतो तरी. रॉडचा बोल्ट किंचित ताणला गेला तर तो गप्प राहतो. बेअरिंग हळूहळू खात जातं, आणि एक दिवस हायवेवर ब्लॉकला भोक पाडून रॉड बाहेर डोकावतो. त्या दिवशी लोक म्हणतात, "अचानक झालं." म्हणून चुकीचा गिअर पडलाच, तर क्लच लगेच दाबा, पण आत ठेवू नका, लिव्हर न्यूट्रलला आणा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्याच गाडीने घरी येण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीकडाउन (माझ्या मिस्त्रीने केली तशी हवा भरून गळती बघणं) तपासून घ्या.

इन्शुरन्सचं एका ओळीत सांगतो: तुमच्याच पॉलिसीत बघा, संघटित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, आणि यांत्रिक बिघाडही वगळलेला असतो. पुढे बोलायला काही उरत नाही.

हे सगळं मी भाच्याला रात्रीच लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी विचारलं, "पण मामा, पाचव्यातून दुसरा पडतोच कसा?" हा प्रश्न मात्र नेमका होता. आपल्याकडे लिव्हर डाव्या हातात असतो, त्यामुळे पाचव्यातून मागे ओढताना तळवा नकळत लिव्हरला अंगापासून दूर, म्हणजे डावीकडे, दाबतो. खरं तर दाबायची गरजच नसते. न्यूट्रलला आला की स्प्रिंग त्याला आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते, तिथून नुसता सरळ मागे घ्यायचा, दोन बोटांनी. त्यात इंजिनाचे माउंट, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रबरी आधार, म्हातारे झाले असतील तर वळणावर इंजिन डोलतं आणि लिव्हरची रांगच जागची हलते.

रविवारी गाडी घेऊन ये म्हटलंय. पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून, शंभर वेळा पाचवा-चौथा करायला लावणार आहे, आणि माउंटही बघणार आहे.