दहा वर्षांत वसूल नाही? भागाकार पुन्हा मांडा

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचा मतलब असा: घराला इन्सुलेशन (भिंती-छताला उष्णता अडवणारा थर), दुहेरी काच वगैरे करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. खर्चाला वर्षाच्या बचतीनं भागा, उत्तर दहाच्या वर आलं तर नाद सोडा. करायचंच तर आधी खिडक्या बदला. घर घट्ट बंद केलं की बुरशी धरते. आणि सांगितलेली बचत हाती कधीच लागत नाही.

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीचं बघू.

भागाकारानं पैसे कधी परत येतात एवढंच कळतं. त्यानंतर ते काम किती वर्षं राबतं, हे त्यात कुठेच येत नाही. समजा दोन कामं आहेत, दोन्हींचा खर्च 100. पहिलं वर्षाला 20 वाचवतं आणि सहा वर्षांत मोडीत निघतं. दुसरं 8 वाचवतं, पण 40 वर्षं टिकतं. मेसेजच्या नियमानं पहिलं पास, दुसरं साडेबारा वर्षांमुळे नापास. आता पैशावर 5 टक्के व्याज धरून पुढची बचत आजच्या किमतीत आणा. पहिल्याचे होतात साधारण 101, दुसऱ्याचे 137. पास झालेल्यानं जेमतेम मुद्दल सोडवलं.

त्याहून मोठी गफलत भागाकाराच्या अंशात, म्हणजे वरच्या खर्चाच्या आकड्यात आहे. बाहेरच्या भिंतीला थर लावायचं कोटेशन 100 आलं, असं धरू. त्यातले 60 परांची, सुटलेला गिलावा काढणं, नवा गिलावा आणि रंग यांचे. भिंतीचे पोपडे पडत असतील तर हे काम थर लावा न लावा, करावंच लागणार. मग ऊर्जेच्या खात्यावर उरले 40. वर्षाला 4 वाचले तर 25 वर्षं नव्हे, 10 वर्षं. हेच उलटंही लागू आहे. रंग गेल्याच वर्षी दिला असेल तर पूर्ण 100 ऊर्जेच्या माथी पडतात, आणि तेव्हा थांबलेलं बरं.

खिडक्या आधी? काच डोळ्यांसमोर असते म्हणून ती आधी सुचते. आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असला की एकेरी काचेतून चौरस मीटरमागे 5.7 वॉटच्या आसपास उष्णता जाते, साध्या दुहेरी काचेतून सुमारे 2.8. सुधारणा खरी आहे. पण उघड्या काँक्रीट स्लॅबमधूनही साधारण 4 वॉट जातात, आणि स्लॅबचं क्षेत्रफळ बहुधा खिडक्यांच्या कितीतरी पट असतं. त्यावर 5 सेंटिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा इन्सुलेशनचा थर) घातलं की 4चे 0.7 होतात. आणखी 5 सेंटिमीटरनं 0.36. पहिला थर काम करून जातो, दुसऱ्यासाठी घासाघीस करा. उन्हाचं म्हणाल तर साधी दुहेरी काच ते फारसं अडवत नाही. त्याला बाहेरून सावलीच लागते.

बुरशी ओलाव्यानं येते, आणि थंड भिंतीवर आधी येते. थर नीट लावला की भिंतीची आतली बाजू उबदार राहते. मात्र फटी बुजवून स्वयंपाकघर-न्हाणीघरात एक्झॉस्ट ठेवला नाही, तर मेसेज बरोबर ठरेल. घरात गॅस गीझर असेल तर हा प्रश्न बुरशीचा राहत नाही, जिवाचा होतो.

आता बचतीकडे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतल्या घरांचा गरम करण्याचा प्रत्यक्ष वापर हिशेबी आकड्यापेक्षा सरासरी 30 टक्के कमी निघाला. उष्णता गळणाऱ्या घरातली माणसं एकच खोली गरम करतात, स्वेटर चढवतात. जे खर्चलंच नाही ते वाचणार कुठून? म्हणजे मेसेज अंशात चुकतो आणि ठेकेदार छेदात, म्हणजे खालच्या बचतीच्या आकड्यात.

छेद आपल्याला घरबसल्या तपासता येतो. बारा महिन्यांची बिलं काढा. समजा वर्षाचे 3,600 युनिट, आणि ना गारठा ना उकाडा अशा महिन्यात 200. फ्रिज, दिवे, पंप यांचे बारा महिन्यांचे 2,400 झाले; त्यांना भिंतीच्या थराशी देणंघेणं नाही. उरले 1,200. ‘बिल निम्मं होईल’ म्हणणाऱ्याला 1,800 वाचवून दाखवावे लागतील, तेही या 1,200मधून. त्यातले निम्मे जरी वाचले तरी 600, आणि खर्चाला भागायचं ते या 600 युनिटांच्या पैशांनी.