‘क्लोज्ड-बॅक हेडफोनने कान खराब होत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘घरी गाणी ऐकायला हेडफोन घेताय? आधी हे सहा नियम वाचा’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आधी तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. तोवर मी दुर्लक्ष करत होते. पण माझ्या काकांनी त्यावर विश्वास ठेवून हेडफोन घेतले, ते फोनवर हळू वाजतात म्हणून वर अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आणि आता रात्री हेडफोन काढले की कानात बराच वेळ ‘सूं’ वाजत राहतं म्हणतात. टीव्हीचा आवाजही वाढलाय, असं काकू सांगतात. काकांना काही बोलायला जावं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘अगं, क्लोज्ड-बॅक आहेत ते. त्याने काही होत नाही, लिहिलंय त्यात.’

क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याच्या कपची मागची बाजू बंद असते असा हेडफोन; ओपन-बॅकची ती उघडी, जाळीची असते. तर मेसेजमध्ये लिहिलंय ते असं. एक, क्लोज्ड-बॅकमुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही, म्हणून कानाच्या पडद्याला धोका राहत नाही; हव्या तितक्या आवाजात, हवा तितका वेळ ऐका. दोन, आतला ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर) 50 मिलीमीटरपेक्षा लहान असेल तर घेऊ नका. तीन, जितके ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जास्त तितका दर्जा वरचा, म्हणून 250 ओहमचाच घ्या. चार, खोक्यावर 5 ते 40,000 हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा तितका स्वर वरचा) छापलेलं असलंच पाहिजे. पाच, घेतल्यावर 100 तास गाणी चालू ठेवून हेडफोन ‘मोकळा’ करा. सहा, ओपन-बॅक फक्त स्टुडिओसाठी असतो, घरी त्याचा उपयोग नाही.

यातल्या चार-पाच गोष्टींनी फार तर पैसे वाया जातील. पहिलीने कान जातील. म्हणून आधी तीच.

कानाला इजा होते ती कानापर्यंत पोचलेल्या आवाजाने. तो रस्त्यावरच्या हॉर्नचा आहे की कानाला लागून असलेल्या ड्रायव्हरचा, हे कानाला कळत नाही. कपने बाहेरचा हॉर्न अडवला म्हणून आत वाजणारा तबला हळू होत नाही. आणि यात पडद्याची भीती घालायचं काही कारणच नाही. पडदा फाटायला स्फोटासारखा दणका लागतो. रोजच्या मोठ्या आवाजाने मरतात त्या आतल्या कानातल्या, कॉक्लियातल्या सूक्ष्म केसपेशी. एका कानात त्या साधारण 15 हजार असतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा तयार होत नाही. जाताना त्या दुखतही नाहीत. ऐकून झाल्यावर कानात सूं वाजणं, समोरच्याचं बोलणं काही वेळ दबल्यासारखं ऐकू येणं, एवढीच काय ती सूचना मिळते. बऱ्याचदा रात्रभराच्या विश्रांतीने ते थांबतं, आणि म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच आवाजात ऐकायला बसतो. ज्यांचं थांबत नाही त्यांनी मेसेज वाचत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी.

किती आवाज, किती वेळ, याचा हिशोब कोणी केलेलाच नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून 2019 मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा आहे, आणि मुलांसाठी 75 डेसिबलवर 40 तास. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. म्हणजे मोठ्यांना 83 डेसिबलवर 20 तास, 86 वर 10, 89 वर 5. 95 डेसिबलवर फक्त सव्वा तास. 101 वर 20 मिनिटंसुद्धा नाहीत. आणि हे सगळे आकडे आठवड्याचे आहेत, दिवसाचे नव्हेत. हेडफोन क्लोज्ड-बॅक आहे की ओपन-बॅक, असा रकानाच या हिशोबात नाही. ‘हवा तितका वेळ’ लिहिणाऱ्याने हे एक पान जरी पाहिलं असतं तरी ते वाक्य लिहायला त्याचा हात धजावला नसता.

आता अर्धसत्य. ते आहे, आणि मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. आजूबाजूला गोंगाट असला की आपण गाण्याचा आवाज त्याच्यावर चढवतो. चांगला बसणारा क्लोज्ड-बॅक तो गोंगाट कमी करतो, त्यामुळे कमी आवाजातही सगळं नीट ऐकू येतं. फायदा आहे तो एवढाच, आणि तोही आवाज खरोखर कमी ठेवला तरच. शिवाय असा कप मिक्सरची किरकिर किंवा माणसांची बोलणी बऱ्यापैकी अडवतो, पण पंख्याची घरघर, खालून जाणाऱ्या बसचा घुमता आवाज, असे खालच्या पट्टीतले आवाज त्याच्याने फारसे अडत नाहीत. ‘बाहेरचं काही आत येत नाही’ हेसुद्धा पूर्ण खरं नाही.

उलट क्लोज्ड-बॅकचा एक धोका आहे ज्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. स्पीकरवर गाणं लावलं आणि आवाज वाढला, तर घरातलं कोणीतरी ‘जरा हळू कर’ म्हणतंच. ओपन-बॅकमधूनही शेजारी बसलेल्याला गाणं ऐकू येतं. क्लोज्ड-बॅकमध्ये आवाज फारसा बाहेर येत नाही, आणि तोच तर त्याचा गुण. पण त्यामुळे आत काय चाललंय ते घरात कोणालाच कळत नाही. काकू शेजारच्या पलंगावर झोपलेल्या असतात आणि त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. मुलाला हेडफोन घेऊन देणाऱ्या आईवडिलांनी तर हे आधी लक्षात घ्यावं. मर्यादा मुलांची कमी आहे, आणि आवाज किती आहे हे बाहेरून कळायची सोय नाही.

काकांच्या बाबतीत आवाज का वाढत गेला ते मी त्यांच्याजवळ बसून पाहिलं. त्यांचा चष्मा जाड काड्यांचा आहे. कानामागून काडी जाते तिथे कुशन गालाला पूर्ण टेकत नाही, बारीकशी फट राहते. क्लोज्ड-बॅकमधला बेस कप चारी बाजूंनी बंद बसण्यावर अवलंबून असतो. फट पडली की खालचे स्वर त्यातून निघून जातात. मी दोन्ही कप बोटांनी हलकेच आत दाबले तर काका दचकलेच: डग्ग्याचा घुमारा परत आला होता. बोटं काढली, घुमारा गेला. हा गेलेला घुमारा भरून काढायला ते रोज अ‍ॅम्प्लिफायरचं बटण थोडं पुढे नेत होते. त्याने सगळेच स्वर सारखे वाढतात, खालचे मागेच राहतात आणि बाकी सगळं, विशेषतः तबल्याची चाट आणि हार्मोनियम, कानावर आदळायला लागतं. दाट केसांनीही असंच होतं. चष्मा घालणाऱ्याने बारीक काडीचा चष्मा वापरावा, नाहीतर मऊ, जाड कुशनचे हेडफोन बघावेत. असा एखादा नियम त्या मेसेजमध्ये असता तर कोणाचं तरी भलं झालं असतं.

काकांचा आवाज वाढण्याचं दुसरं कारण म्हणजे 250 ओहमचा नियम. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा क्लोज्ड-बॅकमधला नावाजलेला हेडफोन. कंपनी तो 32, 80 आणि 250 अशा तीन ओहममध्ये विकत आली आहे, कारण तो कशाला जोडायचा ते प्रत्येकाचं वेगळं असतं. ओहम वाढले की फोनसारख्या कमी व्होल्टेजच्या उपकरणावर आवाज हळू येतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर लागतो. फोनवरच ऐकणार असाल तर कमी ओहमचा घ्या, विषय संपला. काकांनी नियम पाळला, फोनवर आवाज पुरेना, दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायर दिला, आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कानाला झेपेल त्याच्या कितीतरी पुढे जायची ताकद आहे. फोन निदान मोठ्या आवाजाची सूचना देतो. आयफोन तर सात दिवसांचा हिशोब ठेवून मर्यादा ओलांडल्यावर कळवतो. मधे अ‍ॅम्प्लिफायर आला की त्याचं बटण किती पुढे नेलंय ते फोनला कळणार कसं?

50 मिलीमीटरच्या ड्रायव्हरचं म्हणाल तर सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरला जातो. ड्रायव्हर 40 मिलीमीटरचा, 63 ओहमचा, आणि कागदावर 10 ते 20,000 हर्ट्झ. मेसेजच्या तिन्ही नियमांत तो नापास होतो.

हर्ट्झचा आकडा बघून तर माझा संतापच होतो. तरुण, निरोगी कानाची वरची हद्द 20,000 हर्ट्झ. वयाबरोबर ती खाली येते, आणि साठीनंतर बहुतेकांना 12 हजारच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. सीडीत 22,050 च्या वरचं काही मावतच नाही. काका ऐकतात बालगंधर्वांच्या 78 आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या प्रती. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात मुश्किलीने 5-6 हजार हर्ट्झपर्यंतचं आलेलं आहे, त्याच्या वर निव्वळ खरखर. खालच्या बाजूलाही तेच. काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर येतो, तंबोऱ्याची खर्जाची तार 69 वर. 5 हर्ट्झ कोणासाठी छापायचं? शिवाय त्या दोन टोकांना आवाज किती डेसिबलने पडतो ते खोक्यावर नसेल तर तो आकडा छापला काय, न छापला काय.

100 तास वाजवून ‘मोकळा’ करायचं तर सोडूनच द्या. वापराने कुशन मऊ होते, नीट बसते, आणि आपल्या कानाला त्या आवाजाची सवय होते. ‘सुधारला’ वाटतो तो यामुळे. पण 100 तास वाट बघण्यात ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत निघून जाते, हे नुकसान खरं. आवडला नाही तर पहिल्या दोन दिवसांत परत करा.

सहाव्या नियमात तर गोष्टी उलट्या टांगल्या आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाला क्लोज्ड-बॅक देतात, हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून. सेनहायझरने 1968 मध्ये एचडी 414 हा पहिला ओपन-बॅक बाजारात आणला, आणि तो लोकांनी घरी ऐकायलाच उचलला. शांत, स्वतंत्र खोली असेल तर ओपन-बॅकमध्ये गाणं जास्त मोकळं, डोक्याबाहेर पसरलेलं वाटतं. पण वन-बीएचकेमध्ये, एका खोलीत मुलं अभ्यास करतायत, दुसरीकडे टीव्ही चालू आहे, तिथे क्लोज्ड-बॅकच बरा. एवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं चालेल.

घ्यायचाच असेल तर दुकानात रोजचा चष्मा लावून जा, रोजचा फोन न्या, आणि तुमच्या कानाच्या ओळखीची, डग्गा आणि तंबोरा दोन्ही नीट ऐकू येणारी एखादी मैफल लावा. आवाज शांत जागी ठरवा आणि नंतर घरात गोंगाट सुरू झाला म्हणून वाढवू नका. आणि कुशन सुटी मिळतात का ते आधी विचारा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनच्या कुशनचे पापुद्रे निघायला लागतात, आणि कुशन फाटली की कपाला पुन्हा फट पडते.