तिकिटावरचे शहर आणि उतरण्याचे ठिकाण

‘शनिवार-रविवारच्या सहलीसाठी विद्यार्थ्याला विमानाइतके स्वस्त आणि वेगवान साधन नाही’ हे युरोपात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहलींवरील लेखातील विधान मला अर्धवट वाटते. तिकिटावर ज्या शहराचे नाव असते त्याच शहरात विमान उतरेल, असे गृहीत धरता येत नाही. पॅरिसच्या नावाने ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, तर फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून जवळजवळ १२० किलोमीटरवर. इटलीतील बोलोन्या शहरात शिकत असताना मी पहिल्या सहलीला बोव्हेमार्गेच गेलो आणि तेथून शहरात नेणाऱ्या बसचे भाडे, परतीच्या दिवशी कित्येक तास आधी सोडावे लागलेले पॅरिस आणि पाठपिशवी दोन बोटे मोठी निघाली म्हणून भरलेले जादा शुल्क, हे सारे मांडल्यावर त्या ‘स्वस्त’ तिकिटाचा हिशेब पार बदलून गेला. याउलट बोलोन्याहून वेगवान रेल्वेने फ्लॉरेन्स जेमतेम पाऊण तासावर आहे आणि तेथील मुख्य स्थानकातून बाहेर पडल्यावर कॅथेड्रलपर्यंत चालत जाता येते. त्यानंतरच्या बहुतेक सहली मी रेल्वेनेच केल्या.

लेखात आणखी एक उल्लेख हवा होता. युरोपीय संघातील देशाचा निवास परवाना असलेल्या, २६ वर्षांखालील परदेशी विद्यार्थ्यांनाही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात विनामूल्य प्रवेश मिळतो. मात्र मूळ परवाना सोबत हवा. मी तो खोलीवर विसरलो होतो आणि पूर्ण तिकीट काढले, हे येथे कबूल करतो.