वहिनीच्या पोस्टातल्या पैशांना कुणी नावं ठेवू नका

आज चाळीसगावला साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या एका नानांनी वहिनीला चारचौघांत सुनावलं, "क्रेडिट कार्डाचं देणं डोक्यावर आणि तू पोस्टात पैसे दाबून बसलीस? अक्कल आहे का?" वहिनी मान खाली घालून जेवत राहिली. पाहुण्यांच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसले, पण आता इथं लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

दादा जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम सरला की जिनिंग बंद, पगार बंद. मग वहिनी ब्लाऊज शिवते त्यावर घर. त्याच महिन्यांत किराणा, पोराच्या क्लासची फी, सगळं कार्डावर गेलं आणि बिल आलं की नुसतं मिनिमम, म्हणजे बँक सांगते ती कमीत कमी रक्कम भरली. देणं ऐंशी हजारांवर गेलं. महिना साडेतीन टक्के धरा, 2,800 रुपये व्याज. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 504. पाच टक्के मिनिमम म्हणून 4,000 भरले की मुद्दल फिटलं 696 रुपये! वर जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड गळ्यात मारणारा पोरगा यातलं काही बोलत नाही, तो नुसतं 'फ्री, फ्री' करतो.

आणि नाना, तुम्ही आज जे सांगितलं ना, ते वहिनीने मागच्या दिवाळीआधी करून पाहिलंय. भिशी लागली होती, वर पोत मोडली, होतं नव्हतं ते कार्डात भरलं. घरात काही शिल्लक ठेवलं नाही. तेवढ्यात पोराला डेंग्यू झाला. दवाखान्याने डिपॉझिट रोख मागितलं. "आते काय करसूत?" रात्री वहिनीचा फोन, आवाज रडवेला. शेवटी त्याच कार्डावर एटीएममधून रोख काढली. त्याची फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. पोत गेली आणि देणं पुन्हा उभं राहिलं.

व्याजाच्या हिशोबाने नाना बरोबर आहेत, मान्य. वर्षाला 42 टक्क्यांचं देणं असताना बचत खात्यात लाखभर ठेवणं खुळेपणा. पण वहिनीने लाख कुठे ठेवलेत? महिनाभर घर चालेल, एखादं डिपॉझिट भरता येईल, एवढेच पंचवीस हजार. त्यापलीकडचा प्रत्येक रुपया कार्डात जातो. कार्डावर खरेदी तर तिने त्या दवाखान्यानंतर बंदच केली. 'गरज पडली तर कार्ड आहेच की' म्हणणाऱ्यांनो, लिमिट बँकेच्या हातात असते. हप्ते थकलेल्याची लिमिट ती आधी कापते.

वसुलीवाल्यांचं तर बोलायलाच नको. रात्री नऊला फोन, शेजारच्या दुकानदारालाही फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 सालीच बजावलंय. वहिनीला हे कुणी सांगितलं होतं? चारचौघांत अक्कल काढणाऱ्यांपैकी एकानेही नाही.

नानांची पिढी सावकाराला घाबरून वाढली, देणं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो, हे मलाही कळतं. पण दवाखान्याच्या काउंटरवर पोराला मांडीवर घेऊन बसलेली ती होती, आपण कुणीच नव्हतो.

तुमच्यापैकी कुणी यात अडकलं असेल तर आधी बँकेत जाऊन कार्डाच्या देण्याचे कमी व्याजाचे हप्ते पाडून मागा. सेटलमेंटला, म्हणजे थोडे पैसे घेऊन बँक खातं मिटवते त्याला, घाईने हो म्हणू नका, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, तो शेरा राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवा येतो. वहिनीने हप्तेच पाडून घेतले. ते फिटले की तीच रक्कम दर महिन्याला पोस्टात टाकायची, जिनिंग बंद असतानाचे सगळे महिने निघतील इतकी होईपर्यंत, असं तिचं ठरलंय.