कासवाच्या पाठीवरची तिजोरी

एका लेखात जुन्या अमेरिकन टोकनांना, म्हणजे नाण्यांऐवजी चाललेल्या खासगी चकत्यांना, ‘नाण्यांची नक्कल’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. 1837 च्या मंदीत लोकांनी नाणी दडवली, सुटे मिळेनात, तेव्हा खासगी टाकसाळींनी तांब्याची टोकनं पाडली आणि त्यांवर थेट राजकारण कोरलं. काहींच्या एका बाजूला पाठीवर तिजोरी घेतलेलं कासव, दुसऱ्या बाजूला गाढव. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकणारे पुढचे राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन, दोघांच्या आर्थिक धोरणावर तळहातावर मावेल एवढी टीका! काहींवर ‘खंडणीला एक सेंटही नाही’ अशी घोषणा, पण मधल्या हारात ठळक दिसतो तो ‘एक सेंट’च. त्यामुळे बाजारात ती सेंट म्हणून खपत. नव्या संग्राहकांना कळकळीची विनंती: हे तांबं चिंच-मिठाने घासू नका. काळपटपणा गेला की जाणकार हातसुद्धा लावत नाहीत.