‘एवढ्याशा पाण्यात इंजिन जातं का?’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण रिव्ह्यूत तीन गोष्टी लिहिल्यात. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, त्याच पाण्यातून काळीपिवळी टॅक्सी आरामात गेली, आणि आम्ही इंजिन विनाकारण उघडून सत्तर हजारांचं बिल लावलं, वर विमा कंपनीच्या सर्व्हेयरला नको ते सांगून क्लेम घालवला. इतर लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

पाणी कमी होतं हे मला मान्य आहे. पुढच्या बंपरच्या आत चिखलाची रेघ होती, तीही तेवढीच सांगते. प्रश्न पाण्याच्या उंचीचा नव्हताच, तुमची गाडी श्वास कुठून घेते याचा होता. कंपनीतून गाडी आली तेव्हा एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाची हवा गाळणाऱ्या डब्याचं, तोंड हेडलाइटच्या मागे, बॉनेटच्या कडेलगत होतं, जमिनीपासून सव्वादोन फुटांच्या वर. तुम्ही बाहेरून कोल्ड एअर इन्टेक, म्हणजे खालची गार हवा ओढणारा पाइप, बसवून घेतलात. त्याचा कोन फिल्टर बंपरच्या मागे, फॉगलॅम्पच्या शेजारी लोंबतो. तुमच्यासमोर टेप लावला होता, जेमतेम एक फूट भरलं. पाइपला वाट द्यायला चाकाच्या आतलं प्लॅस्टिकही कापलेलं आहे, म्हणजे टायरचा फवारा सरळ फिल्टरवर. टॅक्सीला ती अडचण नाही. ती वरूनच हवा घेते, म्हणून गेली.

खाली गार हवा मिळते, गार हवा दाट असते, त्याने थोडी ताकद वाढते, हे खोटं नाही. डिसेंबरात एक्सप्रेसवेवर मजा येत असेल. पण अंधेरी सबवेच्या उतारावर जुलैत ती पाइप म्हणजे पाण्यात सोडलेला स्ट्रॉ आहे. नुसत्या कोसळत्या पावसाने सहसा काही होत नाही, फिल्टर थोडा ओला होतो इतकंच. फिल्टर बुडाला की मात्र इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. आणि शेजारून बस गेली की एक फुटाचं पाणी क्षणभर दीड फूट होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता किती पाणी पुरतं ते बघा. तुमचं इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडर, म्हणजे एकेकाला साधारण ३०० सीसी. कम्प्रेशन ११:१ धरलं, म्हणजे आतली हवा अकरापट लहान जागेत दाबली जाते असं धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३० सीसीच्या आसपास. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एका सिलिंडरमध्ये ३० सीसीच्या वर पाणी गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. डिझेलमध्ये कम्प्रेशन जास्त असल्याने ही जागा आणखी कमी.

तुम्हीच सांगितलंत की सायलेन्सरमध्ये पाणी शिरू नये म्हणून रेस धरून ठेवली होती. सगळेच असं सांगतात, तुमचा दोष नाही. पण रेस वाढली की ओढही वाढते. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा असेल तर हे इंजिन दोन हजार आरपीएमला मिनिटाला १२०० लिटरपर्यंत हवा मागतं. गाडी बंद पडल्यावर तुम्ही सेल्फ मारलात, ‘दोन-तीनदाच’. तिथे टोचन लावून आणली असती तर कदाचित स्पार्क प्लग काढून पाणी उडवून भागलं असतं. सेल्फ मारल्यावर कोरडे सिलिंडर पेट घेतात आणि तो मार ओल्या सिलिंडरच्या रॉडवर बसतो.

विनाकारण उघडलं म्हणता, तर क्रम आठवा. आधी चारही प्लग काढले, पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी उडाली, तुमच्या शर्टावरही आली. मग कम्प्रेशन तपासलं, तिसऱ्याचं बाकीच्या तिघांपेक्षा बरंच कमी. तेव्हा हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायची परवानगी मागितली आणि तुम्ही सही केलीत. हेड काढल्यावर तिसरा पिस्टन इतरांपेक्षा जवळपास दोन मिलिमीटर खालीच थांबत होता. याचा अर्थ रॉड वाकून आखूड झालाय, दुसरं काही नाही.

तुमच्या ओळखीतले मेकॅनिक म्हणाले की फिल्टर वाळवून ऑइल बदललं असतं तरी चालली असती. चालली असतीच. वाकलेल्या रॉडवर गाडी काही दिवस, काही महिनेही चालते. मग एखाद्या दिवशी वेगात रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्या दिवशी सत्तर हजारांत हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवायचा खालचा अर्धा भागसुद्धा, येत नाही.

विम्याचं म्हणाल तर तुमच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नव्हतं. त्याशिवाय पाण्याने आतून खराब झालेल्या इंजिनाचे पैसे विमा कंपन्या सहसा देत नाहीत, विशेषतः पाण्यात सेल्फ मारलेला असेल तर. सर्व्हेयर येण्याआधी जुना एअरबॉक्स परत बसवून ठेवा असं तुमच्याकडून सांगण्यात आलं होतं. ते मी केलं नाही, करणारही नाही. सर्व्हेयरने बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मला तोंड उघडावंच लागलं नाही.

इतर कोणी हा इन्टेक लावून फिरत असेल तर पावसाळ्यापुरता मूळ एअरबॉक्स बसवून घ्या. तासाभराचं काम आहे. फिल्टरवर घालायचा मोजा फक्त उडणारं पाणी अडवतो, बुडाल्यावर त्याचा उपयोग नाही. फिल्टर बुडाला तर वरून हवा घेऊ देणारा बायपास व्हॉल्व्ह मिळतो, पण टर्बो गाडीला तो चालत नाही. आणि मूळ फिटिंग म्हणजे अभय नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बॉनेटच्या वर पाणी होतं, तिथे कुठलाही एअरबॉक्स काय करणार?

साहेब, तुमचा वाकलेला रॉड, जुना पिस्टन आणि बेअरिंग, सगळं तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलं आहे. वाकलेला रॉड नव्या रॉडच्या शेजारी ठेवून बघा, साध्या डोळ्यांना फरक दिसतो. तुमच्या मेकॅनिकना सोबत आणा. बिलातली प्रत्येक ओळ, बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) काम बाहेर करून घेतल्याची पावतीसुद्धा, दाखवतो. त्यांना काही वेगळं आढळलं तर याच रिव्ह्यूखाली लिहा, मी पुसायला सांगणार नाही. रविवारी गॅरेज बंद असतं, बाकी कधीही या.